पात्र ऐकेनासं होतं तेव्हा

(कार्यकर्त्यांच्या लेखन शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



शिबिराच्या पत्रिकेत माझ्या नावापुढे 'लेखनातील पात्रांचे स्वतंत्र अस्तित्व' असा भारदस्त विषय छापलाय. तो वाचून सकाळी चहाच्या वेळी दोघी-तिघींनी विचारलं, हे आपल्याला कशाला? आपण काय कादंबऱ्या लिहिणार आहोत? प्रश्न रास्त आहे. मी स्वतः समाजकार्याचं शिक्षण घेतलेली आणि समुपदेशन केंद्रात काम करणारी बाई आहे. दिवसभर मी जे लिहिते ते केस पेपर, गृहभेटीचे अहवाल, पोलीस स्टेशनला द्यायची पत्रं आणि वर्षाच्या शेवटी अनुदानाचे प्रस्ताव. पण याच्या जोडीला आपण सगळ्याच आणखी काहीतरी लिहीत असतो. पथनाट्य लिहितो, आठ मार्चला गाणी रचतो, बचत गटाच्या बैठकीत सांगायला एखादी गोष्ट तयार करतो, धीर करून मासिकाला कथा पाठवतो. या सगळ्या लिखाणात एक बाई असतेच. ती कुठून येते, आपण तिला कुठे नेतो आणि कधी कधी तीच आपल्याला कुठे नेते, एवढाच आजचा विषय आहे.

लेखक मंडळी मुलाखतीत नेहमी सांगतात की मी ठरवलं एक आणि पात्रानं केलं भलतंच. ऐकणाऱ्याला यात थोडा लाडिकपणा वाटतो, आणि काही वेळा तो असतोही. पण या अनुभवाचा अभ्यास झालेला आहे. मार्जोरी टेलर या अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ. लहान मुलांचे काल्पनिक सवंगडी हा त्यांचा मूळ विषय. मूल एखादा न दिसणारा मित्र तयार करतं आणि मग तक्रार करतं की तो माझं ऐकतच नाही! त्यावरून टेलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोठ्या माणसांकडे मोर्चा वळवला. कथा लिहिणाऱ्या ५० जणांशी ते बोलले. २००३ साली छापलेल्या त्या अभ्यासात ९२ टक्के लेखकांनी सांगितलं की आपलं पात्र स्वतःच्या मनानं वागतंय असा अनुभव आपल्याला कधी ना कधी आलेला आहे. ज्यांचं लेखन छापून आलेलं होतं त्यांना तो जास्त वेळा आणि जास्त तपशिलात आला होता. यामागे काही दैवी असावं असं टेलर म्हणत नाहीत. सरावाचा तो परिणाम असावा, असं त्यांचं अनुमान आहे.

हे आपल्याला समजायला अवघड नाही. भाकरी थापताना आपण प्रत्येक वेळी विचार करतो का, की आता हात उजवीकडे फिरवायचा, आता कडा पातळ करायची? हात आपला आपण फिरतो आणि डोकं तिसऱ्याच चिंतेत असतं. नवखी मुलगी मात्र प्रत्येक भाकरीशी झटापट करते. माणसांविषयी विचार करायचा असाच सराव झाला की मनातली बाई आपल्याला न विचारता बोलायला लागते. मग आपल्याला वाटतं, हे मी कुठे ठरवलं होतं?

हा खुलासा मला पटतो. पण तो पटला की लगेच दुसरा प्रश्न उभा राहतो. हात सरावानं फिरतो म्हणजे जे वळण लागलेलं आहे त्याच वळणानं फिरतो. मनातली बाई आपोआप चालायला लागली, तर ती कुठल्या वाटेनं जाईल? जी वाट आधीच मळलेली आहे तिनंच ना?

टॉलस्टॉयचं उदाहरण घेऊ. जानेवारी १८७२ मध्ये त्याच्या घराजवळच्या रेल्वे स्टेशनवर एका बाईनं गाडीखाली जीव दिला. शेजारच्या जमीनदाराच्या घरी ती राहत होती. त्यानं तिला दूर करून दुसरीशी लग्न करायचं ठरवलं होतं. टॉलस्टॉय तिचं प्रेत बघायला गेला होता. तिचं नाव ॲना. पुढे वर्षभरानं त्यानं कादंबरी लिहायला घेतली, तेव्हा पहिल्या खर्ड्यांमधली नायिका दिसायला बेताची आणि वागायला उथळ होती. नवरा बिचारा भला होता. नवऱ्याला फसवणाऱ्या बाईची गोष्ट त्याला सांगायची होती. खर्ड्यामागून खर्डे होत गेले आणि ती बाई मोठी होत गेली, तिला बुद्धी आली, हसू आलं, मुलाविषयीची तडफड आली. नवरा कोरडा होत गेला. आज आपण जी ॲना कॅरेनिना वाचतो ती या झटापटीतून आलेली आहे. टॉलस्टॉयनं एका पत्रात असंही लिहिलंय की तिचा प्रियकर व्रॉन्स्की स्वतःवर गोळी झाडून घेतो हे त्यानं ठरवलेलं नव्हतं. आधी लिहिलेलं प्रकरण तो दुरुस्त करत होता आणि अचानक, पण अगदी निःसंशयपणे, व्रॉन्स्कीनं गोळी झाडून घेतली.

इथपर्यंत सगळं लेखकमंडळींना आवडणारं आहे. पण जरा थांबून बघा. व्रॉन्स्की आपल्या मनानं गोळी झाडून घेतो आणि वाचतो. ॲनाही खर्ड्याखर्ड्यातून एवढी स्वतंत्र झाली, लेखकाच्या हाताबाहेर गेली. पण शेवट? शेवट पहिल्या दिवशी ठरलेला तोच राहिला. गाडी तिची वाट बघत होती. फ्रान्समध्ये १८५६ साली फ्लोबेरची मादाम बोव्हारी सोमल खाऊन मेली होती. आपल्याकडे १८९० पासून हरिभाऊ आपट्यांच्या 'करमणूक'मध्ये 'पण लक्षात कोण घेतो!' येऊ लागली. पुण्याच्या मध्यमवर्गीय घरातली यमू आपली हकिगत स्वतः सांगते. एका पुरुषानं लिहिलेलं आहे हे विसरायला व्हावं इतकी ती घरातल्या मुलीच्या भाषेत बोलते, वाचायला शिकते, नवऱ्याबरोबर मुंबईला संसार थाटते. पुढे ती विधवा होते, बळजबरीनं तिचं केशवपन होतं आणि शेवटी तीही मरते. हरिभाऊंनी खोटं लिहिलं असं मी म्हणत नाही. त्या काळात यमूसारख्या किती जणी तशाच गेल्या असतील. पण यमू एवढी जिवंत झाली होती की तिला तिच्या मनानं जाऊ दिलं असतं तर ती कुठे गेली असती, हा विचार मला सोडत नाही. १८८९ मध्ये पंडिता रमाबाईंनी मुंबईत शारदासदन काढलं होतं आणि पुढच्याच वर्षी ते पुण्याला हलवलं होतं. म्हणजे यमूची गोष्ट छापून येत होती त्याच काळात, त्याच पुण्यात, विधवांना शिकवणारं एक दार उघडं होतं.

म्हणून कोणी मला म्हणालं की काय करणार, माझ्या नायिकेनं स्वतःच विहीर जवळ केली, तर मी विचारते, तिनंच केली की आपल्या सगळ्यांच्या मनात ती विहीर आधीच खणून ठेवलेली आहे? किती कथा, किती सिनेमे आपण लहानपणापासून बघितले. फसलेली मुलगी मरते. बंड करणारी एकटी पडते किंवा शेवटच्या दृश्यात सासूच्या पाया पडते. दुसरी बाई नेहमी दुष्ट असते. आपण लिहायला बसलो की ही वाक्यं आपोआप येतात आणि आपल्याला वाटतं पात्र बोलतंय.

आपल्या फायलींतही हेच होतं बरं का. पंचनाम्याची भाषा आठवा. 'किरकोळ कारणावरून वाद होऊन', 'रागाच्या भरात', 'स्वयंपाक करीत असताना स्टोव्हचा भडका उडून'. लिहिणाऱ्या जमादाराला विचार करावा लागत नाही, पेन आपोआप पुढे सरकतं. आणि आपण? 'पीडितेची मानसिक अवस्था खचलेली आढळली.' हेही तसंच एक आपोआप येणारं वाक्य आहे. समोर बसलेली बाई कदाचित खचलेली नसेल, संतापलेली असेल, किंवा तिला फक्त भूक लागलेली असेल.

आता याच्या उलट बाजूचं उदाहरण. इब्सेनची नोरा तुम्हाला माहीत आहे. 'अ डॉल्स हाउस' हे नाटक १८७९ चं. अनंत काणेकरांनी ते 'घरकुल' या नावानं मराठीत आणलं. या नोराच्या मागे एक खरी बाई होती, लॉरा कीलर. इब्सेनच्या घरी ती येत-जात असे, स्वतः लेखिका होती. नवऱ्याला क्षय झाला तेव्हा त्याला इटलीला नेण्यासाठी तिनं गुपचूप कर्ज काढलं. ते फेडता येईना तेव्हा तिनं खोटा कागद केला. प्रकरण उघडकीला आलं आणि नवऱ्यानं तिच्यापासून फारकत घेतली, मुलं काढून घेतली. तिला वेड्यांच्या इस्पितळात ठेवलं गेलं. नंतर मुलांसाठी ती परत त्याच्याच घरी गेली.

इब्सेननं तिची गोष्ट घेतली, पण त्याची नोरा लॉरासारखी परत गेली नाही. ती दार ओढून बाहेर पडली. असं सांगतात की नाटक लिहीत असताना तो एकदा बायकोला म्हणाला, आत्ता मला नोरा दिसली, ती जवळ आली आणि तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. बायकोनं विचारलं, तिच्या अंगावर काय होतं? तो म्हणाला, निळा लोकरीचा झगा. बायकोचा प्रश्न मला फार आवडतो. खरी बाई आली असेल तर तिनं काय नेसलंय हे सांगता आलं पाहिजे.

नोरा बाहेर पडली हे जगाला सोसलं नाही. जर्मनीत १८८० साली नोराची भूमिका करणाऱ्या प्रसिद्ध नटीनं शेवट करायला नकार दिला. मी माझ्या मुलांना कधीच सोडणार नाही, असं तिचं म्हणणं. दुसऱ्या कोणीतरी नाटकाची मोडतोड करण्यापेक्षा आपणच करावी म्हणून इब्सेननं नाइलाजानं वेगळा शेवट लिहून दिला. त्यात नवरा नोराला झोपलेल्या मुलांच्या दारापर्यंत नेतो आणि ती खाली कोसळते. तो शेवट म्हणजे नाटकावर केलेला रानटी अत्याचार आहे, असं इब्सेन स्वतःच म्हणाला. म्हणजे इथे पात्र लेखकाच्या बाजूला होतं आणि बाकीचं जग त्याला मळलेल्या वाटेवर परत ढकलत होतं.

पण या गोष्टीचा आणखी एक भाग आहे आणि तो आपल्या कामाशी थेट जोडलेला आहे. लॉरा कीलर जन्मभर 'नोरा' म्हणून ओळखली गेली. तिनं लिहिलेली पुस्तकं बाजूला राहिली, तिच्या आयुष्यातली सर्वांत अपमानाची घटना लोकांच्या तोंडी राहिली, आणि तिला त्याचा फार त्रास झाला. नोरा मोकळी झाली, लॉरा अडकली. आपण केंद्रात आलेल्या बाईवर कथा लिहितो तेव्हा नाव बदलतो, गाव बदलतो आणि समजतो की झालं. होत नाही. तालुक्याच्या गावात तिच्या जावेला पहिल्या चार ओळींत कळतं ही कोण. माझं मत स्पष्ट आहे. कथेतली बाई जर फाईलमधल्या बाईच्याच पावलावर पाऊल टाकत चालली असेल, तर ती कथा छापू नये. ती अजून पात्र झालेलीच नाही, ती अजून कोणाची तरी विश्वासानं सांगितलेली हकिगत आहे. ती स्वतःच्या मनानं वागायला लागली, वेगळं बोलली, वेगळ्या ठिकाणी गेली, म्हणजे मग ती त्या खऱ्या बाईच्या अंगावरून उतरली.

ॲलिस वॉकर या काळ्या अमेरिकन लेखिकेचं नाव आपल्यापैकी अनेकींनी ऐकलं असेल. 'द कलर पर्पल' ही तिची कादंबरी १९८२ ची, तिला पुढच्या वर्षी पुलित्झर पारितोषिक मिळालं. ती कशी लिहिली गेली यावर तिनं एक लेख लिहिलाय, तो मिळाला तर जरूर वाचा. सुरुवात झाली ती बहिणीशी फिरता फिरता झालेल्या गप्पांमधून. ओळखीतल्या एका पुरुषाच्या दोन बायका, म्हणजे एक लग्नाची आणि एक बिनलग्नाची. बहीण सहज म्हणाली, एक दिवस त्या बायकोनं त्या दुसरीकडे तिची एक चड्डी मागितली. बस्स, एवढंच. पण वॉकरला कळलं की आपल्याला कादंबरी सापडली.

का सापडली असेल? आपल्याकडे सवतीच्या किती गोष्टी आहेत, पण त्यांत सवती एकमेकींची झिंज्या उपटतात. इथे एक बाई दुसरीकडे असं काही मागते आहे जे फक्त अगदी जवळच्या मैत्रिणीकडे किंवा बहिणीकडे मागता येतं. मळलेली वाट तिथेच संपली.

पण पात्रं लगेच बोलायला तयार नव्हती. वॉकर न्यूयॉर्कमध्ये राहत होती आणि तिची पात्रं जॉर्जियातली खेडवळ, शेतातली माणसं. तिनं लिहिलंय की त्यांना त्या उंच इमारती बिलकुल आवडल्या नाहीत. ती सॅन फ्रान्सिस्कोला आली. तिथेही त्यांचं मन रमेना. शेवटी उत्तर कॅलिफोर्नियातल्या बूनव्हिल नावाच्या लहान गावी तिनं घर घेतलं, कारण तो भाग जॉर्जियासारखा दिसत होता. तिथे ती गोधडी शिवायला बसली. टाके घालता घालता सेली आणि शुग तिच्याशी बोलायला यायला लागल्या. मध्येच शाळकरी मुलगी राहायला येणार असं ठरलं तेव्हा वॉकरला धास्ती, ही माणसं गप्प होतील. झालं उलटंच, त्यांना मुलगी आवडली. पाच वर्षं लागतील असं धरून ती बसली होती, वर्षाच्या आतच शेवटचं पान लिहून झालं. पुस्तकाच्या अखेरीस तिनं सगळ्या पात्रांचे आल्याबद्दल आभार मानलेत आणि स्वतःची ओळख लेखिका आणि माध्यम अशी दिली आहे.

त्या सेलीनं केलं काय? मार खाणारी, परमेश्वराला पत्रं लिहिणारी ही बाई नवऱ्याच्या मैत्रिणीच्या प्रेमात पडते, घर सोडते आणि विजारी शिवायचा धंदा काढते. हे वाचून मला हसू आलं. आपल्या पुनर्वसनाच्या योजनेतही शेवटी शिलाई मशीनच असतं. फरक एवढाच की सेलीला कोणी मशीन वाटप केलेलं नव्हतं, आणि तिनं झबली-टोपडी सोडून बायकांसाठी विजारी शिवल्या.

'माध्यम' हा शब्द ऐकल्यावर आपल्याला काय आठवतं? अंगात येणं. आपण अंधश्रद्धेच्या विरोधात काम करतो, तरी एक गोष्ट आपण सगळ्यांनी पाहिलेली आहे. एरवी सासऱ्यासमोर डोक्यावरचा पदर न हलवणारी सून मंगळवारी अंगात आलं की त्याला अरे-तुरे करते, नवऱ्याला सगळ्यांदेखत सुनावते, आणि तेच लोक हात जोडून उभे राहतात. 'मी' म्हणून जे बोलता येत नाही ते 'ती बोलतेय' म्हटल्यावर बोलता येतं. पात्राचंही मला काहीसं तसंच वाटतं. फक्त इथे हळदीकुंकू, लिंबू आणि भगत लागत नाही, आणि दुसऱ्या दिवशी आपण काय बोललो हे आपल्याला आठवत असतं.

हे वाटणं मी एका तालमीत फार जवळून पाहिलं. आमच्या वस्तीतल्या गटानं घरातल्या हिंसेवर पथनाट्य बसवायला घेतलं होतं. नायिकेचं नाव शेवंता. शेवट सर्वांनी मिळून ठरवला होता की शेवंता पिशवी उचलते, खडूनं आखलेला उंबरठा ओलांडते, मग सगळ्याजणी गाणं म्हणतात. शेवंताचं काम करणारी बाई पोळी-भाजी केंद्रात कामाला होती. बैठकीला नियमित यायची, स्वतःविषयी कधी काही सांगायची नाही. तिसऱ्या तालमीला पिशवी उचलायची वेळ आली आणि ती खडूच्या रेघेवर चक्क मांडी घालून बसली.

"ही नाही जायची," ती म्हणाली.

आम्ही विचारलं, का?

"कशी जाईल ताई? पोरीची दहावी हाय मार्चला. रेशनकार्डावर नाव त्याचं. आणि ह्या खोलीचं डिपॉझिट भरलं कुणी? हिच्या भिशीच्या पैशातून भरलंय. मग हिनं का जायचं? त्यानं जावं."

तालमीत एकदम गलका झाला. गटातली एक तरुण कार्यकर्ती कळवळून म्हणाली, अहो पण मग संदेश काय जाणार, की सहन करत घरातच बसा? सासूचं काम करणारी म्हणाली, ही जाणार नसेल तर मी दारात उभी राहून करू काय? सगळ्या हसल्या. शेवंता रेघेवरून हलली नाही.

लक्षात घ्या, भिशी, दहावी, डिपॉझिट यातलं काहीच आमच्या संहितेत नव्हतं. आम्ही शेवंताला मुलगी आहे हेसुद्धा लिहिलेलं नव्हतं. हे सगळं त्या बाईच्या तोंडून त्या क्षणी आलं आणि आल्याबरोबर सगळ्यांना पटलं.

त्या तरुण मुलीची शंका मात्र योग्य होती आणि तिला उत्तर द्यायला हवं. बाई घरातच राहते ही तर सर्वांत जुनी मळलेली वाट. नांदायला जा, पडतं घे, शेवटी नवरा आहे. मग शेवंता आपल्या मनानं बसली होती की मनात बसलेल्या वळणानं? मी यात एक गोष्ट तपासते. पात्राला 'का' असं विचारायचं. 'शेवटी बाईची जात', 'लोक काय म्हणतील', 'आईचं काळीज' असं उत्तर आलं तर ते पात्राचं नाही, ते चाळीस जणींनी उष्टावलेलं उत्तर आहे. उत्तरात रेशनकार्ड आलं, दहावीचा महिना आला, डिपॉझिट आलं, तर मात्र आपलं पेन खाली ठेवून ऐकावं. ही कसोटी दोन्ही बाजूंना लागते. आमचा पिशवी उचलायचा शेवटही असाच तयार कपाटातून काढलेला होता. तो चळवळीच्या कपाटातला होता एवढंच.

मग शेवट बदलला. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्यानं बाईला सामायिक घरात राहण्याचा हक्क दिलेला आहे, घर कोणाच्याही नावावर असलं तरी. न्यायालय नवऱ्याला घराबाहेर राहण्याचा आदेशही देऊ शकतं. शेवंता रेघेवर बसूनच संरक्षण अधिकाऱ्याकडे द्यायचा अर्ज बोलून दाखवते आणि पिशवी नवऱ्यापुढे ठेवते. प्रयोग सुरू झाले तेव्हा या जागी बायका टाळ्या वाजवायच्या. एका ठिकाणी मागून एक म्हातारी ओरडली, "पण तो जातोय का, ते सांगा!" त्याचं उत्तर नाटकात नव्हतं. पण प्रयोगानंतर तासभर चर्चा झाली ती त्यावरच. अर्ज किती दिवसांनी सुनावणीला येतो, तोवर घरात त्याच्याबरोबर राहायचं कसं, शेजारणींनी काय करायचं.

शेवंताचं काम करणारी बाई स्वतःविषयी त्यानंतरही काही बोलली नाही. आम्ही विचारलं नाही. 'ही' म्हणून तिला जेवढं बोलायचं होतं तेवढं ती बोलली होती. समुपदेशक म्हणून आपल्याला खोदून विचारायची सवय असते. पात्राच्या आडून बोलणाऱ्या बाईचा पडदा ओढू नये, असं मला वाटतं.

दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर तुम्ही म्हणाल ही बाई पात्रांची भक्त झाली. टोनी मॉरिसन ही वॉकरच्याच पिढीच्या आसपासची, तितकीच मोठी काळी लेखिका. १९९३ मध्ये तिला नोबेल मिळालं. त्याच वर्षीच्या एका मुलाखतीत तिला विचारलं की पात्रं तुमच्या हातून निसटतात का? तिनं साफ सांगितलं की ताबा माझ्याकडे असतो. तिचं म्हणणं असं की पात्रं भुतांसारखी असतात, त्यांना स्वतःपलीकडे काही सुचत नाही, म्हणून पुस्तक त्यांच्या हाती सोपवायचं नाही. १९७७ च्या तिच्या 'साँग ऑफ सॉलोमन'मध्ये पायलट नावाची एक जबरदस्त बाई आहे. तिला मोकळं सोडलं असतं तर तिनं सगळी कादंबरी व्यापली असती, म्हणून मॉरिसननं तिला कमी बोलू दिलं.

बैठका घेणाऱ्या बाईला हे लगेच कळेल. प्रत्येक गटात एक पायलट असतेच. ती खरं बोलते, छान बोलते, आणि तिच्यामुळे कोपऱ्यातल्या चौघी महिनोन्‌महिने गप्प राहतात. तिला थांबवणं म्हणजे तिचा आवाज दाबणं नाही. कथेत शेवंताचं ऐकावं, पण सासूही ऐकावी आणि तो नवराही. आपल्या पथनाट्यांतले नवरे आठवा. लाल डोळे, हातात बाटली, येताच लाथ. या माणसाला कधी कोणी बोलूच दिलेलं नाही. तो बोलला तर आपल्याला त्याची दया येईल अशी भीती वाटते का? माझ्या अनुभवात केंद्रात येणारे पुष्कळसे नवरे इस्त्रीचा शर्ट घालून येतात, 'मॅडम, तुम्हीच सांगा' म्हणतात आणि फार सभ्यपणे बायकोला वेडी ठरवतात. असा नवरा रंगमंचावर आला तर प्रेक्षकांतल्या बायका त्याला जास्त ओळखतील.

वॉकर म्हणते मी माध्यम, मॉरिसन म्हणते ताबा माझा. दोघींपैकी एकीची बाजू घ्या असं मला कोणी म्हटलं तर मी पहिल्या खर्ड्याला वॉकरची आणि दुसऱ्या खर्ड्याला मॉरिसनची घेईन. आधी तिला बोलू द्यावं. मग बसून बघावं, यातलं तिचं किती आणि ऐकीव किती. आणि हे करायला वेळ लागतो, जो आपल्याकडे नसतो. वॉकरनं घर बदललं, गाव बदललं. आपल्या गटातल्या बाईला नळाला पाणी येण्याआधीची वीस मिनिटं मिळतात. म्हणून शिबिराच्या या दोन दिवसांत स्वयंपाक दुसऱ्यांवर सोपवलेला आहे. ती सोय वाया घालवू नका.

आता जेवणाला पाऊण तास आहे. कागद वाटलेले आहेत. आपल्या फाईलमधली कोणतीही बाई घ्यायची नाही, आणि स्वतःची हकिगत लिहायचीही सक्ती नाही. रात्रीचे दहा वाजलेत, एसटी स्टँडवर एक बाई बसली आहे, शेवटची गाडी गेलेली आहे, तिच्याजवळ एक पिशवी आहे. ती कुठून आली आणि कुठे जाणार हे आधी ठरवू नका. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी शेजारणीला सांगावं, आणि शेजारणीनं ऐकेल तसंच लिहावं, भाषा सुधारू नये. पिशवीत काय काय आहे, तिथून सुरुवात करा.